छापील किमतीतला माणूस

गाड्यांच्या शोरूममध्ये सहा वर्षं काय केलंस, असं कुणी विचारलं की मी सांगते, लोकांना थांबवलं. गाड्या विकायचं काम साहेबांचं, म्हणजे मालकांचं. माझं काम सांगली-मिरज रस्त्यावरच्या त्या काचेच्या खोक्यात, काचेच्या टेबलामागे बसून, समोर येईल त्याला 'थोडं थांबावं लागेल' एवढं सांगायचं. पगार त्याचाच होता. पुढेपुढे तर घरी माधवनगरला गेल्यावर आईनं 'पानं घेऊ का' विचारलं, तरी तोंडातून पहिला शब्द 'थांब' असाच निघायचा.

थांबवलेले लोक नाना प्रकारचे. कुणी फोन करून शिव्या द्यायचे, कुणी आमदाराच्या पीएकडून फोन लावायचे, कुणी चार महिने थांबून दुसऱ्या कंपनीची गाडी घ्यायचे आणि मुद्दाम आमच्या दारावरून हॉर्न वाजवत जायचे. त्या सगळ्यांत थांबणं येत होतं अशी असामी मी एकच पाहिली. आम्ही त्यांना सुभेदार म्हणायचो. वर्कशॉपमधली पोरं त्यांना 'तीन नंबर' म्हणायची, आणि ते नाव पडायला कारण मी होते.

मी नोकरीला लागून जेमतेम पंधरा दिवस झाले होते. कंपनीनं तेव्हा एक गाडी काढली होती. लाल, काळ्या छताची, जोरकस इंजिनाची, आणि हातानं गिअर टाकायची. अशा गाड्या यापुढे निघणार नाहीत, आणि निघाल्यात त्याही मोजक्याच, असं कंपनीनं सांगितल्यामुळं लोक नुसते तुटून पडले होते. आमच्या शोरूमच्या वाट्याला चार येणार होत्या. त्यांची छापील किंमत एक आणि खरी किंमत दुसरी. जो छापील किमतीवर काही 'वरचे' द्यायचा, त्याला गाडी लवकर मिळायची. वरचे कागदावर कसे दाखवायचे? तर ॲक्सेसरीजचं पॅकेज म्हणून. दाराला पट्ट्या, पायाखाली मॅट, रंगावर कसलंसं लेपन. त्या मॅटांच्या किमतीत आमच्या आईनं माडीवर एक खोली बांधली असती.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. सकाळी अकराच्या ठोक्याला पांढरा इस्त्रीचा शर्ट, चकचकीत तपकिरी बूट आणि हातात कापडी पिशवी घेतलेला साठीच्या पुढचा एक उंच माणूस आत आला. पायपुसण्यावर बूट चार-चार वेळा पुसले आणि माझ्यासमोर ताठ उभा राहिला.

"ती लाल गाडी नोंदवायची हाय. सातारच्या शोरूममधी गेल्तो. ते वरचं मागत्यात. तुमी मागताय का?"

"नाही," मी म्हणाले. मला वरचे म्हणजे काय हेच माहीत नव्हतं.

"मग नोंद करा. आन नंबर लिवून द्या."

मी रजिस्टर पाहिलं. दोन नावं आधी होती. मी पावती फाडली आणि तिच्यावर स्वच्छ अक्षरात 'क्रमांक ३' लिहून सही केली. साहेबांना कळल्यावर त्यांनी पावतीपुस्तक मिटून माझ्यापासून लांब सरकवलं. "अगं, नंबर लिहून कुणी देतं का?" एवढंच म्हणाले. सुभेदारांनी मात्र पुढच्या खेपेला ती पावती प्लास्टिकमध्ये मढवून आणली.

हे लिहून घेण्याचं वेड त्यांना उसानं लावलं होतं. उंब्रजजवळ त्यांचं रान. आपल्याकडं ऊस लावला की कारखान्याकडं नोंद करायची आणि लागणीच्या तारखेप्रमाणं आपला नंबर आला की तोडणीची टोळी यायची, हा कायदा. पण टोळीच्या मुकादमाला काही दिलं की टोळी आधी येते, हा व्यवहार. सुभेदारांनी मुकादमाला कधी चहासुद्धा पाजला नाही. एका हंगामात टोळी त्यांच्या बांधावरून तीनदा पुढं गेली आणि उसाला तुरे आले. तुरा आला की उसाचं वजन घटतं, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. भाऊबंद येऊन बोलून गेले. सुभेदार तुऱ्याकडं बघत म्हणाले, "दिसतंय झ्याक."

हे त्यांनीच मला सांगितलं आणि स्वतःच हसले. मला मात्र राग आला होता. असल्या माणसांचा मला राग येतो, कारण त्यांच्यामुळं बाकीच्यांना उगाचच आपण चोर असल्यासारखं वाटत राहतं.

सुभेदार दर महिन्याच्या पाच तारखेला यायचे. उंब्रजहून कऱ्हाड, कऱ्हाडहून सांगली, अशा दोन यष्ट्या करून. फोन करा म्हणून मी शंभरदा सांगितलं. "फोनवर माणूस न्हाई म्हणाय मोकळा आसतो," असं त्यांचं उत्तर. आले की आधी शोरूममधल्या उभ्या गाड्यांची तपासणी. सैन्यात ते तीस वर्षं ड्रायव्हर होते. तिथं रोज सकाळी गाडी हलवण्याआधी तिचं पाणी, ऑइल, पट्टे, टायर बघायचे असतात, त्याला ते फस्ट परेड म्हणत. आमच्या विकायच्या गाड्यांचीही ते फस्ट परेड करायचे. बॉनेट उघडायचे, ऑइलची पट्टी काढून रुमालाला पुसायचे, टायरला बोटाच्या पेरांनी टकटक करून कान लावायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, कंपनीचा कुणी मोठा इंजिनिअर आलाय.

एकदा एक जोडपं नव्या गाडीची चावी घेत होतं. हार घातलेला, नारळ फोडलेला, फोटोवाला तयार. सुभेदार मध्येच जाऊन त्या पोराला म्हणाले, "गड्या, चावी घ्यायच्या आदी डिकीत जॅक हाय का बघ." डिकी उघडली तर जॅक नव्हता. साहेब लाल झाले. त्या दिवसापासून पाच तारखेला डिलिव्हरी ठेवायची नाही, असा शोरूमचा नियम झाला.

एवढं सगळं करायचे, पण ड्रायव्हरच्या सीटवर ते कधी बसले नाहीत. चालवून बघा म्हटलं तर दोन्ही हात मागं घ्यायचे. "जी आपल्या नावावर न्हाई तिच्या ष्टेरिंगला हात लावायचा न्हाई. तीस वर्सं सरकारची चालवली. आता फकस्त माजी." चहाही घ्यायचे नाहीत. शोरूमचा चहा गाडी मिळालेल्या माणसानं प्यायचा, असं त्यांनी आपलं ठरवून टाकलं होतं. उलट मलाच पिशवीतून कधी भाजलेल्या शेंगा, कधी बाटलीत काकवी आणून द्यायचे. मी ती काकवी घ्यायचे आणि 'अजून आली नाही, थांबावं लागेल' असं सांगायचे.

एवढ्या वयात असली गाडी कशाला, हे मी शेवटी विचारलंच. वाटलं, पोरंबाळं नाहीत, हौस असेल. ते गंभीर झाले.

"पोरी, कानवाय ठाव हाय का? पन्नास-साठ ट्रकांची रांग आसती. वर बर्फ, खाली दरी. म्होरच्याच्या ढुंगणाकडं बघत चालवायचं, ताशी वीसनं नायतर तीसनं. म्होरचा हालल्याबिगर आपुन हालायचं न्हाई. तीस वर्सं मी फुडच्या ट्रकचा फाळकाच बघितला. रस्ता कसा आसतो ते बघितलंच न्हाई." मग जरा लाजल्यासारखे म्हणाले, "एकदा फुडं कोण नसताना चालवायचीया. बास."

पैशांचंही त्यांनी एकदा सांगून टाकलं. हायवे रुंद झाला तेव्हा रानाचा एक पट्टा त्यात गेला, त्याची भरपाई आली. ती त्यांनी बाजूला ठेवली होती. "रस्त्यानं घेतलं ते रस्त्यालाच द्यायचं. पर छापलंय तेवढंच. वर एक रुपाया न्हाई."

चौदाव्या महिन्यात तिसरी गाडी आली. आधीच्या दोन गेल्या होत्या. त्या कशा गेल्या ते मी विचारलं नव्हतं. तिसरी आली त्या संध्याकाळी मी सुभेदारांचा नंबर काढून फोन हातात घेतला, तेवढ्यात साहेबांनी आत बोलावलं. एका ठेकेदारानं पॅकेज घेतलं होतं. त्याचं नाव रजिस्टरमध्ये कुठंच नव्हतं.

"पण सुभेदारांचा नंबर आहे, साहेब. लिहून दिलाय."

"तू दिलायस," साहेब म्हणाले. आवाज चढवला नाही. "त्यांना सांग, पुढची. ते थांबतात."

तेच खरं होतं. जो थांबतो त्यालाच लोक थांबवतात. मी भांडायला हवं होतं. मी नोकरी सोडायला हवी होती, असं आता इथं बसून लिहायला सोपं आहे. तेव्हा भावाची फी होती, माडीवरची खोली अर्धी बांधून पडली होती. पाच तारखेला सुभेदार आले, मी त्यांच्या पाठीमागच्या काचेकडं बघत सांगितलं, "कंपनीकडून आलीच नाही अजून."

त्यांनी उभ्या गाडीचं ऑइल तपासलं, रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि माझ्यासमोर बसले.

"मंगळवारी आमच्या रानावरनं एक लाल गाडी गेली. पुन्याकडं. काळं छत. मागच्या काचंवर तुमच्या शोरूमचं कागूद चिकाटलंय."

मी टेबलावरची पेनं एका रांगेत लावायला लागले. आता हे ओरडतील, पावती आपटतील, आणि मग निदान हे सगळं संपेल, असं मला वाटलं. खरं तर मला तेच हवं होतं.

"आवाज लय ग्वाड हाय," ते म्हणाले. "पर चालवणाऱ्याला गिअरचं कळत न्हाई. तिसरा टाकायचा तितं चौथा टाकतुया." मग पिशवीतून शेंगांची पुडी काढून टेबलावर ठेवली. "फुडली कवा यील?"

"काका, तुम्हीही थोडं काही… सगळेच देतात."

"मुकादमाला बी सगळेच देत्यात. म्हून मी बी द्यायचं व्हय?" एवढं बोलून ते यष्टी गाठायला गेले. त्या शेंगा मी खाल्ल्या नाहीत. वॉचमनला दिल्या.

पुढं दोन महिने ते नेहमीसारखे आले, पण काहीतरी बदललं होतं. ऑइलची पट्टी डोळ्यांसमोर न धरता कानाच्या बाजूला धरून, मान तिरकी करून बघायचे. एकदा तर पायपुसण्याच्या बाहेरच बूट पुसले. मला वाटलं, वय. मग एका दुपारी त्यांची बायको एकटीच शोरूममध्ये आली. नऊवारी नेसलेली, बुटकी, ठसठशीत बाई. यष्टीत गाडी लागते म्हणून सारा वेळ तोंडाला पदर लावून आलेली. मी लिंबूपाणी मागवलं. ते पिऊन झाल्यावर तिनं इकडंतिकडं बघितलं.

"ह्यास्नी मिरजंला डाक्टरकडं नेलं हुतं. डोळ्याच्या मागचा पडदा खराब झालाय म्हन्त्यात. कडंचं दिसतंय, मधलं पुसाट झालंय. सुया टोचल्या डोळ्यात. डाक्टर म्हनला, हाय तेवढं टिकलं तरी लय झालं." तिनं पदरानं ओठ पुसले. "बाई, गाडी कवा यायची?"

तिसरी गाडी वेळेवर दिली असती, तर त्यांनी ती तीन महिने तरी चालवली असती. हा हिशोब मला लगेच करता आला.

"चौथी येईल. महिन्या-दोन महिन्यांत. पण काकू…"

"वरचं लागतंय न्हवं? मला ठाव हाय. सातारला मी संगं हुते." तिनं कमरेची पिशवी सोडली. "दुधाचं हाय. डेरीचं. माजं मी साठवलेलं. ह्यातनं भागवा. त्यास्नी छापील किमतीतच दिली म्हनायचं. त्यांच्या कानावर गेलं तर गाडीला हात न्हाई लावायचे."

मी ते पैसे घेऊन साहेबांकडं गेले. साहेबांनी पॅकेज निम्म्यावर आणलं आणि वर मला म्हणाले, "बघ, मीही माणूसच आहे." त्यांना ते खरंच वाटत होतं.

चौथी गाडी आली, ती तिसरीनंतर सहा महिन्यांनी. पाच तारखेलाच डिलिव्हरी ठेवली, शोरूमचा नियम मोडून. सुभेदार तोच पांढरा शर्ट, तेच बूट घालून आले. काकू बरोबर होत्या. गाडी उंब्रजला न्यायला पुतण्या संध्याकाळी येणार होता. सुभेदारांनी मढवलेली पावती टेबलावर ठेवली. मग गाडीची फस्ट परेड केली, ती सगळी हातानं. टायरवर तळवा फिरवला, ऑइल बोटांत चोळून नाकाशी नेलं, डिकीत हात घालून जॅक चाचपला. पाऊण तास. वर्कशॉपमधली पोरंसुद्धा येऊन उभी राहिली होती.

मग बिल आलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मान तिरकी केली, आणि माझ्याकडं दिला.

"तू वाच. नंबर तूच दिल्तास."

मी वाचलं. गाडीचं नाव, इंजिनाचा नंबर, छापील किंमत, कर, विमा. त्याखालची पॅकेजची ओळ मी वगळली.

"येवडंच?"

"एवढंच, काका."

काकू छताकडं बघत होत्या. सुभेदारांनी सावकाश सही केली. मग ते आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत, ड्रायव्हरच्या जागेवर बसले. इंजिन चालू केलं नाही. क्लच दाबून एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, असे सगळे गिअर टाकले, तसेच उलटे आणले. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून बसून राहिले. आता म्हणतील, दार लावा, जातो, अशी मला भीती वाटली आणि ते म्हणावेत असंही वाटलं. पण ते उतरले आणि वळसा घालून डाव्या बाजूच्या सीटवर जाऊन बसले.

"चालव," मला म्हणाले. "लायसन हाय न्हवं?"

"आहे. पण काका, मी…"

"माजं बी हाय. पर डाक्टर न्हाई म्हनलाय." मग हसले. "बघ की. आता फुडं कोनच न्हाई. मधलं समदं पुसलंय."

काकू म्हणाल्या, तुम्ही एक चक्कर मारून या, मी बसते, मला मळमळतंय. शोरूमचा चहा त्यांच्या पुढं ठेवला होता. मी गाडी बाहेर काढली आणि माझ्या रोजच्या पायाखालच्या रस्त्याला, माधवनगरकडं घेतली. वाटलं, दुपारची वेळ आहे, रस्ता मोकळा असेल, एकदा तरी जोरात सोडू. पण हंगाम चालू होता. वळण घेतलं आणि समोर उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या जोडलेला, अख्खा रस्ता अडवून डुलत चाललेला.

"फुडं कोन हाय?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणाले.

त्यांचा डावा हात दारावर, उजवा मांडीवर. ते म्हणाले, "मग दुसऱ्या गिअरवर का चालवतियास?"

मी घाईनं खिडकीची काच वर घेतली.

"उसाचा ट्रॅक्टर हाय. वास येतुया."

"हो."

"बिल बी आसंच वाचलंस का?"

मी हो म्हणाले. मला रडू आलं, तिसऱ्या गाडीचं, चौथीचं, सगळ्या चौदा आणि सहा महिन्यांचं. गाडी बाजूला घ्यावी असं वाटलं, पण हात तसेच चालवत राहिले. आता ते उतरतील, गाडी परत कर म्हणतील, त्याच रस्त्यावरून चालत शोरूमला जातील, हे मला माहीत होतं. ते तसेच होते.

"तिनं दिलं आसंल," ते म्हणाले. "दुधाचं. मला वाटलंच, मी म्हस इकतो म्हनलो तर इकू नगा म्हून का मागं लागलीया." त्यांनी रुमाल काढला, तोच ऑइलचा रुमाल, आणि माझ्याकडं न बघता पुढं केला. "तिला सांगू नगंस, मला कळलं म्हून. लय हौसंनं केलंय तिनं."

समोर रस्ता जरा रुंद झाला. उजवी बाजू मोकळी होती. डोळे पुसून मी म्हणाले, "काका, पुढं काढू का? जागा आहे."

"नगं. त्यो आपल्या आदीचा हाय. जाऊ दे त्याला."

मग आम्ही माधवनगरपर्यंत त्या ट्रॅक्टरच्या मागनंच गेलो, आणि तिथून वळून परत आलो. काकू शोरूमच्या पायरीवर उभ्या होत्या. गाडी थांबायच्या आधीच त्यांनी खिडकीशी येऊन विचारलं, "कशी हाय?"

"लय पळाली," सुभेदार म्हणाले. "फुडं कोनच न्हवतं."

काकूंनी खात्री करायला माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "हो काकू, रस्ता अगदी मोकळा होता."